सान मामेस : शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून पाहिलेले बिल्बाओचे मैदान

स्पेनच्या उत्तर किनाऱ्याजवळील बिल्बाओ शहरातले सान मामेस हे स्टेडियम ॲथलेटिक क्लब या एकाच क्लबचे घरचे मैदान आहे. १६ सप्टेंबर २०१३ रोजी ते खुले झाले आणि त्यात ५३ हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकतात. बिल्बाओ शहराची स्वतःची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांजवळ पोहोचलेल्या कोल्हापूरपेक्षा कमीच आहे. नदीकाठची लगतची गावे धरली, तर मात्र तो आकडा नऊ लाखांच्या आसपास जातो. एकेकाळी खनिज लोखंड, पोलादाचे कारखाने आणि गोद्या यांवर उभे राहिलेले हे कामगारांचे शहर आहे, त्यामुळे फौंड्रीच्या भट्ट्यांशेजारी वाढलेल्या कोल्हापूरकराला ते फारसे परके वाटत नाही. युरोपात एखादेच स्टेडियम पाहण्याइतकी सवड आणि पैसा असलेल्या आपल्याकडच्या फुटबॉलप्रेमीने माद्रिद आणि बार्सिलोना यांच्या आधी बिल्बाओचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हे परीक्षण मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून फुटबॉल पाहायला शिकलेल्या प्रेक्षकाच्या भूमिकेतून लिहीत आहे, त्यामुळे त्यात वास्तुशास्त्राची परिभाषा कमी आणि बसायला, पाहायला, यायला-जायला कसे आहे याची चर्चा अधिक असेल.

सर्वांत आधी जागेविषयी लिहिले पाहिजे, कारण माझ्या दृष्टीने या स्टेडियमचे निम्मे यश तिथेच आहे. जुने सान मामेस २१ ऑगस्ट १९१३ रोजी सुरू झाले होते. आपले कुस्तीचे खासबाग मैदान तयार झाले त्याच्या पुढच्याच वर्षी. शंभर वर्षांनी ते मैदान अपुरे पडू लागले, तेव्हा शहराबाहेर माळावर स्वस्त जागा घेऊन नवे बांधकाम करण्याचा सोपा मार्ग बिल्बाओकरांपुढे होताच. त्यांनी तो घेतला नाही. जुन्या मैदानाला खेटून असलेल्या जागेत नव्या स्टेडियमचा बहुतेक भाग आधी उभा केला, २०१३ च्या उन्हाळ्यात जुने पाडायला घेतले आणि त्याच्याच जमिनीवर नव्याची उरलेली बाजू चढवली. त्यामुळे २०१३-१४ चा संपूर्ण हंगाम क्लब एका बाजूने उघड्या असलेल्या स्टेडियममध्ये खेळला. सेल्ता विगोविरुद्धचा पहिला सामना ३-२ असा जिंकला, तेव्हा एका गोलपोस्टच्या मागे प्रेक्षकांऐवजी बांधकाम होते. ऑगस्ट २०१४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत नापोलीला ३-१ असे हरवले, तेव्हा चारही बाजू भरलेल्या होत्या. या साऱ्या उलाढालीत क्लबला आपले शहर सोडून दुसऱ्याच्या मैदानावर हंगाम काढावा लागला नाही, ही नियोजनातील बाब मला त्या इमारतीच्या देखणेपणापेक्षा मोठी वाटते.

जागा न सोडल्याचा फायदा सामन्याच्या दिवशी दिसतो. शहराच्या मध्य भागातून येणारा लिसेन्सियादो पोसा हा रस्ता थेट स्टेडियमच्या तोंडाशी संपतो. सामन्याच्या कितीतरी आधीपासून त्या रस्त्यावरच्या लहान-लहान खानावळींसमोर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट घातलेली माणसे उभ्याने खात-पीत गप्पा मारत असतात आणि वेळ झाली की तो सगळा रस्ताच हळूहळू मैदानाकडे सरकू लागतो. मेट्रोचे सान मामेस स्थानक जवळ आहे, ट्रामचा थांबा आहे, आणि शहराचे मुख्य बसस्थानक, जे आता जमिनीखाली नेले आहे, तेही पलीकडेच आहे. परगावचा प्रेक्षक बसमधून उतरून चालत सामन्याला जातो आणि सामना संपल्यावर चालतच बसमध्ये बसतो. गाडी लावायला जागा शोधण्याचा प्रश्न बहुतेकांना पडत नाही, कारण गाडी आणावीच लागत नाही.

कोल्हापुरात हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. खासबागेपासून जवळच असलेल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तालीम मंडळांचे फुटबॉल संघ आमनेसामने असले, की पेठांतून चालत निघालेले जथे, तालमींसमोर लागलेले झेंडे आणि दुपारीच अर्ध्यावर ओढलेली दुकानांची शटर हे सामन्याचेच भाग असतात. आपल्याकडे मोठ्या, नव्या स्टेडियमचा विषय निघाला, की गप्पांत कोणी ना कोणी महामार्गालगतच्या मोकळ्या जमिनीकडे बोट दाखवतो. तिथे वाहनतळ प्रशस्त होईल, यात शंका नाही. परंतु शिवाजी पेठेतून किंवा मंगळवार पेठेतून नातवाचा हात धरून चालत सामन्याला जाणारा म्हातारा प्रेक्षक तिथे पोहोचणार नाही. सान मामेस पाहिल्यावर माझे हे मत अधिक पक्के झाले आहे.

इमारत बाहेरून पांढरी आहे. पीळ दिल्यासारख्या आकाराच्या ईटीएफई या हलक्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी तिची दर्शनी बाजू झाकली असून, रात्री आतून दिवे लागले की पट्ट्यांचा रंग बदलता येतो. नदीच्या बाजूने पाहिले तर हा देखावा उत्तम दिसतो. दिवसा ढगाळ हवेत मात्र ती थोडी निस्तेज वाटते आणि बिल्बाओत ढगाळ हवा पुष्कळ असते. स्थापत्यकार सेसार अस्कारते यांच्या या रचनेला २०१५ मध्ये जागतिक वास्तुकला महोत्सवात क्रीडा-वास्तूंच्या गटातील पारितोषिक मिळाले. छायाचित्रांत जे दिसते ते एवढेच. खरी करामत आत आहे.

आत पाऊल टाकल्यावर मैदान अनपेक्षितपणे जवळ आलेले दिसते, कारण येथे भोवती धावण्याची लाल पट्टी नाही. अनेक भारतीय स्टेडियममध्ये फुटबॉल पाहताना प्रेक्षक आणि खेळ यांच्यामध्ये ॲथलेटिक्सचा ट्रॅक असतो आणि कॉर्नरच्या टोकाला काय घडले हे शेजाऱ्याला विचारावे लागते. सान मामेसमध्ये चेंडू लाथाडल्याचा आवाज खालच्या रांगांत स्पष्ट ऐकू येतो. बैठका खड्या चढाच्या आहेत, मध्ये खांब नाहीत आणि पुढच्याचे डोके आड येत नाही. राजर्षी शाहू महाराजांना खासबागेची कल्पना रोमचे कलोझियम पाहून सुचली असे सांगितले जाते, आणि खोलगट आखाड्याभोवती चढत गेलेल्या त्या गोल बैठकीतून शेवटच्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते, याचे आपल्याला योग्य कौतुक आहे. बिल्बाओत तोच विचार ५३ हजार माणसांसाठी आणि चौकोनी मैदानाभोवती केलेला आहे. सर्वांत वरच्या रांगांविषयी मात्र सावध करतो. तिथून संघाची रचना पटावर मांडल्यासारखी दिसते, पण चढ इतका तीव्र आहे की गुडघे दुखणाऱ्या किंवा उंचीची भीती असलेल्या माणसाने तिथले तिकीट घेऊ नये. आणखी एक खटकणारी गोष्ट म्हणजे खालच्या आणि वरच्या बैठकांमधला, पाहण्याच्या दृष्टीने अत्यंत मोक्याचा पट्टा खासगी कक्षांना आणि जेवणासह विकल्या जाणाऱ्या महागड्या जागांना दिलेला आहे. आधुनिक स्टेडियमचे अर्थकारण त्यावर चालते, हे मान्य. तरीही सामना रंगात आलेला असताना त्या पट्ट्यातल्या काही खुर्च्या रिकाम्या दिसल्या, की वर चढून बसलेल्या प्रेक्षकाची बाजू घ्यावीशी वाटते.

छपराची कथा स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. मैदानाच्या मध्याकडे रोखलेल्या पोलादी तुळयांवर ईटीएफईच्याच हवा भरलेल्या उशा बसवून हे छप्पर केलेले आहे. बिल्बाओत वर्षभरात ११०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. तो हिवाळ्यात, म्हणजे ऐन हंगामात, वाऱ्याबरोबर तिरका येतो. स्टेडियम खुले झाल्यावर पुढच्या रांगांमधले सभासद भिजू लागले आणि तक्रारी वाढल्या. जागतिक पारितोषिक मिळालेल्या इमारतीचे छप्पर पुढच्याच वर्षी, २०१६ च्या उन्हाळ्यात, आतल्या बाजूने वाढवावे लागले. मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही, उलट क्लबचे कौतुक वाटते, कारण बांधकाम झाले म्हणजे विषय संपला असे न मानता भिजणाऱ्या प्रेक्षकासाठी पुन्हा काम काढण्याची तयारी त्यांनी दाखवली. छपराचा दुसरा उपयोग आवाजासाठी होतो. प्रेक्षकांचा घोष वर विरून न जाता पुन्हा मैदानावर उतरतो, आणि पाहुण्या संघाला त्याचा त्रास होत असणार हे उघड आहे.

कोल्हापूरच्या संदर्भात छपराचा हिशेब उलटा मांडावा लागतो. आपला हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो आणि बरेचसे सामने दुपारी होतात, म्हणजे आपल्याला छप्पर हवे ते उन्हासाठी. डोक्यावर रुमाल टाकून तापलेल्या पायरीवर बसण्याची आपली सवय इतकी जुनी आहे की ती गैरसोय आहे, हेच आपण विसरलो आहोत. पश्चिमेकडून येणारे तिरपे ऊन अडवणारे साधे, एका बाजूचे छप्परसुद्धा आपल्याकडे प्रेक्षकांत मोठा फरक घडवील. त्यासाठी परदेशी प्लास्टिकच्या उशांची गरज नाही.

परत आल्यावर तालमीत छायाचित्रे दाखवली, तेव्हा छपराविषयी किंवा दिव्यांविषयी फारसे कोणी विचारले नाही. एका जुन्या खेळाडूने पहिलाच प्रश्न केला, “बाहेरची किती पोरं खेळवत्यात त्यांच्यात?” प्रश्न नेमका होता. ॲथलेटिक क्लब १८९८ चा, आणि शतकाहून अधिक काळ तो बिल्बाओ ज्यात येते त्या बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तिथल्या क्लबांत घडलेले खेळाडूच घेतो. असे असूनही स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून कधीही खाली न गेलेल्या तीनच क्लबांत तो आहे; उरलेले दोन रेआल माद्रिद आणि बार्सिलोना. हा नियम रक्ताचा नाही, घडणीचा आहे. घानाहून आलेल्या आई-वडिलांचे मुलगे इनाकी आणि निको विल्यम्स हे बिल्बाओ आणि पाम्प्लोना येथे जन्मले, त्याच भागात फुटबॉल शिकले आणि आज या क्लबचे लाडके खेळाडू आहेत. हे ऐकल्यावर तालमीत काही वेळ चांगलीच चर्चा रंगली, कारण ईर्षेपोटी गोव्याहून आणि थेट नायजेरियाहून खेळाडू आणण्याची आपली रीत सर्वांना ठाऊक आहे आणि त्यावरून होणारे वादही. बाहेरचे खेळाडू आल्याने आपल्याकडच्या सामन्यांचा वेग वाढला, हे नाकारता येत नाही. मात्र २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा कोल्हापुरात जो अभिमान दाटून आला, तो कोणत्याही आयात खेळाडूच्या गोलने येणारा नव्हता. सान मामेसमध्ये तो प्रत्येक सामन्यात असतो. मैदानावरचा मुलगा कोणाच्या गावचा, कोणत्या शाळेतला, हे प्रेक्षक एकमेकांना सांगत असतात आणि चुकलेल्या पासवरही त्याला घरच्यासारखेच बोलतात.

जुने पाडून नवे बांधताना आठवणींचे काय करायचे, याचेही उत्तर या स्टेडियमने विचारपूर्वक दिले आहे. जुन्या मैदानावरचा पहिला गोल करणारा पिचिची, म्हणजे राफाएल मोरेनो, १९२२ मध्ये वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी वारला. स्पेनच्या लीगमधील सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारे पारितोषिक आज त्याच्याच टोपणनावाने ओळखले जाते. त्याचा अर्धपुतळा जुन्या मैदानात होता, तो नव्यात आणला. पहिल्यांदाच सान मामेसमध्ये खेळायला येणाऱ्या संघाचा कर्णधार त्याच्यापुढे फुले ठेवतो, ही प्रथा अजून पाळली जाते. जुन्या स्टँडवरची प्रसिद्ध पोलादी कमान भंगारात न देता लेझामा येथील क्लबच्या सरावकेंद्रात नेऊन उभी केली आहे, म्हणजे उद्याचे खेळाडू तिच्या साक्षीने घडतात. स्टेडियममध्येच क्लबचे संग्रहालय असून त्याच्या फेरीत ड्रेसिंग रूम, पत्रकार कक्ष आणि मैदानाकडे जाणारा बोगदा पाहता येतो. संग्रहालयात पडदे आणि चित्रफितींचा मारा जरा जास्त आहे. मला तिथले जुने चामडी बूट आणि पिवळी पडलेली तिकिटे अधिक आवडली.

प्रेक्षकांत बायका आणि मुले किती आहेत, हे मी मुद्दाम पाहत होतो. ती एखाद्या कोपऱ्यात नसून सगळ्या स्टेडियमभर विखुरलेली होती, तीन-तीन पिढ्या एका रांगेत. ३० जानेवारी २०१९ रोजी येथे ॲथलेटिक आणि अत्लेतिको माद्रिद यांच्या महिला संघांचा चषक सामना ४८,१२१ प्रेक्षकांनी पाहिला, हे त्यामुळे आश्चर्याचे वाटत नाही. प्रत्येक मजल्यावर स्वच्छ, पुरेशी स्वच्छतागृहे, अंक लिहिलेली खुर्ची, रुंद जिने आणि गर्दी कोंडणार नाही अशी बाहेर पडण्याची व्यवस्था असली, की कुटुंबे येतात. त्यासाठी वेगळे आवाहन करावे लागत नाही. शेजारच्या सान सेबास्तियनचा रेआल सोसिएदाद संघ येथे खेळायला येतो, तेव्हा दोन्ही बाजूंचे समर्थक एकमेकांशेजारी बसून सामना पाहतात, हे तर आपल्याकडच्या बंदोबस्तातल्या सामन्यांची सवय असलेल्याला खरेच वाटणार नाही. इतर संघांच्या बाबतीत मात्र पाहुण्या समर्थकांना वेगळ्या कोपऱ्यात बसवले जाते, तेव्हा सगळेच साधुसंत आहेत असे समजू नये.

खाण्याच्या बाबतीत स्टेडियमच्या आत विशेष अपेक्षा ठेवू नये. तिथल्या कायद्यामुळे सर्वसाधारण बैठकांमध्ये मद्य मिळत नाही आणि बिनअल्कोहोलची बिअर कोल्हापूरच्या जिभेला अळणीच लागेल. स्थानिक लोक घरून किंवा पोसा रस्त्यावरून पावात भरलेले आम्लेट कागदात गुंडाळून आणतात, मध्यंतरात ते सोडतात आणि उरलेला वेळ सूर्यफुलाच्या बिया फोडत बसतात. सामना संपल्यावर खुर्च्यांखाली टरफलांचा जो खच पडलेला असतो, तो पाहून आपल्या पायऱ्यांवरच्या शेंगांच्या टरफलांची लाज थोडी कमी होते.

या इमारतीचा खर्च २० कोटी युरोंच्या पुढे गेला आणि तो एकट्या क्लबने केला नाही. क्लब, बिझ्काया प्रांताचे शासन, बास्क सरकार, बिल्बाओ नगरपालिका आणि स्थानिक बचत बँकेची संस्था यांनी मिळून त्यासाठी कंपनी काढली. फुटबॉलसाठी सार्वजनिक पैसा का, हा प्रश्न तिथेही विचारला गेला आणि तो योग्यच आहे. त्याचे अंशतः उत्तर स्टेडियमच्या पोटात आहे, जिथे बैठकांखालच्या जागेत ॲथलेटिक्सच्या सरावासाठी धावपट्टी केलेली आहे. त्यामुळे सामना नसलेल्या दिवशीही इमारत वापरात राहते. क्लबची मालकीही कोणा उद्योगपतीकडे नसून चाळीस हजारांहून अधिक सभासदांकडे आहे. तालीम मंडळांची रचना माहीत असलेल्या वाचकाला सभासदांनी चालवलेला संघ ही कल्पना नवी नाही. एवढ्या मोठ्या प्रमाणावर ती चालू शकते, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

याच सभासदत्वामुळे बाहेरच्या प्रेक्षकाची अडचण होते. बहुतेक खुर्च्या वार्षिक तिकिटांत गेलेल्या असतात, त्यामुळे रेआल माद्रिद, बार्सिलोना किंवा रेआल सोसिएदाद यांच्याविरुद्धच्या सामन्यांची तिकिटे सर्वसाधारण विक्रीत थोडी आणि महाग असतात. मधल्या किंवा तळाच्या संघाविरुद्धचा सामना निवडला, तर तिकीट मिळणे सोपे जाते आणि वातावरणात फारसे उणे राहत नाही. बसण्यासाठी लांबीच्या बाजूला, खालच्या बैठकीतल्या मधल्या उंचीच्या रांगा उत्तम. गोलपोस्टमागच्या एका टोकाला घोषणा देणाऱ्या समर्थकांचा गट पूर्ण वेळ उभा असतो, त्यामुळे शांतपणे खेळ पाहायचा असेल तर ते टोक टाळावे. हिवाळ्यात गेलात तर छप्पर वाढवलेले असले तरी पावसाळी जाकीट बरोबर ठेवावे. स्टेडियमची फेरी सामन्याच्या दिवशी नेहमीसारखी होईलच असे नाही, म्हणून ती वेगळ्या दिवशी ठरवावी. आणि लीगच्या सामन्याचा नेमका वार व वेळ दूरचित्रवाणीच्या सोयीने उशिरा जाहीर होते, शुक्रवारपासून सोमवारपर्यंत ती कुठेही सरकू शकते, त्यामुळे विमानाची तिकिटे काढताना हे चारही दिवस मोकळे राहतील असे पाहावे.